अध्यक्षांच्या आधी आभार

आभार मानायचं काम गळ्यात पडलं की बन्सीधर सरांना आठवडाभर घास गोड लागत नसे. कुणाचं नाव सुटलं तर? सर मराठीचे प्राध्यापक. सारं आयुष्य पुस्तकांत गेलं, पण माइकसमोर उभं राहिलं की स्वतःचं नावही आठवायचं नाही.

आज तर परभणीहून मोठे पाहुणे आले होते. विषय होता, ‘उच्च शिक्षणात विद्यार्थी सर्वप्रथम’. अर्धी दुपार शाली आणि नारळांतच गेली होती. रांगोळीपासून स्वागतगीतापर्यंत राबलेल्या पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण शेवटी राष्ट्रगीतही त्यांनाच म्हणायचं होतं. सभागृह रिकामं दिसू नये म्हणून प्राचार्यांनी दाराशी शिपाई उभा केला होता.

बबिता सारखी खिडकीबाहेर बघत होती. सरांना कारण ठाऊक होतं. तिच्या गावाला जाणारी, ताडकळसकडची शेवटची एसटी. तिचा बाप मल्हारी मेंढरं राखायचा. मागं एकदा तिची गाडी हुकली, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी सकाळीच कॉलेजात आला होता.

“सर, मी शिकू नको म्हणत न्हाई. पन लेकरू अंधारात फाट्यावर एकटं बसलं. आनिक एकबार असं झालं, तर दाखला काढून नेतो बगा.”

“पुन्हा होणार नाही, माझी हमी,” सर बोलून गेले होते, आणि बोलल्यावर स्वतःच दचकले होते.

सरांनी पाहुण्यांना ‘वेळ झाली’ अशी चिठ्ठी पाठवली. पाहुण्यांनी ती वाचली, गोड हसून पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि विद्यार्थी कसा केंद्रस्थानी हवा ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

अखेर ते बसले. आता संस्थेचे अध्यक्ष, महारुद्र आबा. आबा बोलू लागले की चहा दोनदा गरम करावा लागे. आबांनी खिशातून कागद काढायला घेतला.

सर उठले. आभाराची चार पानं खिशातच राहिली.

“सगळ्यांचे आभार,” ते माइकवर म्हणाले. “पोरींनो, राष्ट्रगीत.”

कुणाला काही उमजेना. पण बबितानं सूर धरला, आणि राष्ट्रगीत सुरू झाल्यावर बसून राहायची कुणाची टाप! पाहुणे उठले, प्राचार्य उठले, अर्धवट काढलेला कागद हातात धरून आबाही ताठ उभे राहिले. राष्ट्रगीतानंतर भाषणाची रीत नाही. शिपाई बाजूला झाला, पोरी दप्तरं सावरत पळाल्या.

सर व्हरांड्यात खांबाला धरून उभे होते. हे आपण केलं? आबांना आता तोंड कसं दाखवावं? तोवर आबाच मागून आले.

“काय हो सर, आमी काय मेलो होतो का?”

“नाही आबा... गाडी...”

“कोनची गाडी?”

सरांनी अडखळत मल्हारीचं सांगितलं, हमीसकट. आबांनी फाटकाकडे पाहिलं. फाटकासमोरून लाल गाडी गेली. खिडकीतून रांगोळीनं माखलेला एक हात जोरात हलला.

“बसली का?”

“बसली,” सर म्हणाले.

“मंग आता तुमी बसा.” आबांनी कागद उघडला. “लय मेहनतीनं लिवलंय. कुनाला तरी ऐकावंच लागंल.”

सर मुकाट्यानं पायरीवर बसले. आबांनी घसा खाकरला.

“माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांनो...”

शिपायानं चहा पुन्हा गरम करायला ठेवला.