कागद धरायचा खेळ

महाराष्ट्र झाला त्या साली माझी धाकटी बहीण शरयू नागपूरला डॉक्टरी शिकायला गेली, आणि तेव्हापासून आमच्या घरात कोणाचंच अंग त्याचं राहिलं नाही. सुट्टीत मेहकरला आली की दिसेल त्याचं कोपर वाकवून ती स्नायूंची नावं पाठ करायची. माझी पाठ तिने निळ्या पेन्सिलीने रंगवली, आणि नेमके त्याच दिवशी मला पाहायला शेगावचे पाहुणे आले.

चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "शरू, तुहा कागदाचा खेळ दाखव पाव्हण्यायले."

बोटं ताठ ठेवून दोन बोटांच्या फटीत कागद धरायचा, शरयूने तो ओढायचा. बोटं जवळ आणणारे बारीक स्नायू शाबूत असले की कागद सहजी सुटत नाही. मुलाने, लक्ष्मीकांतने, तर तो फाटला तरी सोडला नाही. मला तो तिथेच आवडला.

मग पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून बाबांनीही हात पुढे केला; उजव्या हातात पान होतं, म्हणून डावा. त्यांच्या करंगळीजवळून कागद अलगद निघून आला.

"मुद्दाम सोडला तुम्ही!" शरयू हसली. ते हसू खोटं होतं, हे फक्त मला कळलं.

पाहुणे होकार देऊनच उठले. दार लागताच शरयूने बाबांचं कोपर चाचपलं. आतली नस दोरीसारखी जाड झाली होती. बोलता बोलता तिने त्यांच्या करंगळीला सुई टोचली. बाबा बोलतच राहिले.

महारोग. आमच्याकडे हा शब्द घरात कोणी काढत नाही.

"काऊन लपवलं, बाबा? गोळ्या असतात यावर. आजच दवाखान्यात चला."

"गावभर होईल. पहिले शैलूचं लगन होऊन जाऊ दे."

"तवरोक बोटं वाकडी होतील."

"होऊ दे. डावाच हात हाय."

मला भयंकर राग आला. माझ्या लग्नापायी हात द्यायला निघाले, आणि मला विचारलंसुद्धा नाही. मग मीही त्यांना विचारलं नाही. चपला घातल्या आणि बसस्टँड गाठलं. पाहुण्यांची शेगावची बस अजून सुटायची होती.

लक्ष्मीकांतच्या वडलांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी उचलून ते बसमध्ये चढले. खिडकीतून लक्ष्मीकांत दिसला. रुमालाने बोटं पुसत होता. कागद त्याने बाबांच्या आधी धरला होता, तरीही.

घरी आले तर बाबा ओसरीवरच होते.

"पाव्हण्यायले सांगून आली," मी म्हटलं. "आता लपवाले काही राह्यलं नाही. उठा, दवाखाना बंद होईल."