शाखेचा रकाना

प्लंबरच्या धाकट्या मुलीने विद्यापीठाचा अर्ज भरून ठेवला होता; फक्त ‘शाखा’ हा रकाना कोरा होता. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. ही भांडायला पटाईत, म्हणून आत्या वकिलीवर अडून बसली होती. आईला ती डॉक्टर व्हायला हवी होती, म्हणजे गुडघा घरच्या घरी दाखवता आला असता. वडील म्हणत, तुझं तू बघ, पण लवकर बघ.

शेवटच्या दिवशी ती विद्यापीठात गेली. विभागाविभागांनी माहितीची टेबलं मांडली होती. अर्थशास्त्रवाल्या सरांनी तिला तासभर समजावलं आणि पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही, असं शेवटी कबूल केलं. डोकं भणभणलं तशी ती तोंडावर पाणी मारायला भौतिकशास्त्राच्या इमारतीत शिरली.

बेसिनपाशी एक बाई नळ सोडत होत्या, बंद करत होत्या. बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजे.

‘‘काकू, हळू बंद करा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पाणी धावत येतं आणि तुम्ही त्याच्या तोंडावर दार आपटता.’’

‘‘ते कळलं गं. पण या मजल्यावर वाजतं तेवढं खालच्या मजल्यावर का वाजत नाही?’’

हा आवाज तिने वडिलांबरोबर शंभर घरांत ऐकला होता, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. तुम्हाला माहीत नाही का, असं तिने विचारलं. सोमवारपासून डोकं खाजवतेय, असं बाई म्हणाल्या आणि बेसिनखाली शिरल्या. पाठोपाठ तीही शिरली. बाईंची सही घ्यायला शिपाई आला, तेव्हा तिला कळलं की काकू विभागप्रमुख आहेत. तोवर दोघी चिंब झाल्या होत्या, अर्जासकट.

ओल्या कागदावर तिने लिहिलेलं ‘भौतिकशास्त्र’ फुटून शेजारच्या रकान्यात घुसलं. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज चिमटीत धरला.

‘‘हे काय आहे?’’

‘‘पाणी.’’

‘‘मी शाखा विचारतोय.’’

घरी आत्या दोन दिवस बोलली नाही. वडिलांनी मात्र तो वरच्या मजल्याचा प्रश्न तीनदा सांगायला लावला. विद्यापीठातल्या पहिल्या दिवशी ते पाना घेऊन तिच्याबरोबर निघाले. तासाला ती एकटीच वेळेवर पोचली. शिकवणाऱ्या बाई आणि वडील अजून बेसिनखाली वाद घालत होते.