आजीएवढा नवरा

चित्रकार बाईंचा हात म्हणजे आरसा, असं लोक म्हणत. फोटो द्या, पंधरा दिवसांत हुबेहूब चेहरा घेऊन जा. या कौतुकाने बाई सुखावत, पण मनात कुठेतरी खट्टूही होत. आरशाला स्वतःचा चेहरा कुठे असतो?

एका दुपारी सत्तरीच्या एक आजी मुलाचा हात धरून जिना चढून आल्या. पिशवीतून त्यांनी नवऱ्याचा फोटो काढला. जेमतेम तिशीचा माणूस, हसू ओठांत दाबून बसलेला.

"हे गेले तेव्हा हा रांगत होता," मुलाकडे बघत आजी म्हणाल्या. "आता फोटो बघते तर हे नवरा वाटतच नाहीत, मुलगा वाटतात. यांना माझ्याएवढं करून द्या."

"मीच बापापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा झालोय," मुलगा म्हणाला.

"पण आजी, ते म्हातारे झालेच नाहीत. मी बघून काय काढू?"

"मी आहे ना. मी सांगते."

मग दर मंगळवारी आजी खिडकीशी बसून सांगत. केस आधी कानांजवळ पिकले असते. चष्मा हट्टाने लावला नसता, म्हणून डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. सांगता सांगता 'असते' कधीच गळून पडलं. "गेल्या हिवाळ्यात यांचा गुडघा धरला होता," असं त्या सहज बोलून जात, आणि बाईंनाही त्यात वावगं वाटेनासं झालं. उन्हाचा पट्टा सरकत कॅनव्हासवर आला, की शेजारच्या खोलीत कुणी हलकेच खाकरल्याचा भास होई. फोटो मेजावर पालथा पडला होता. तो सुलटा करावा, असं बाईंना एकदाही वाटलं नाही.

चित्र पुरं झालं त्या दिवशी आजींनी ते जवळ जाऊन नीट न्याहाळलं.

"हे असे नव्हते हो," त्या म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा ब्रश उचलला.

"असं मोकळं हसणं यांना कधी जमलं नाही. हे तुमचं आहे."

"बदलून देऊ?"

"राहू द्या. इतक्या वर्षांत माणूस बदलतोच की."

मुलगा चित्राजवळ गेला. "बाबा," तो पुटपुटला, शब्द तोंडात बसतोय का ते बघावं तसा.

आजींनी खुर्ची पुढे ओढली. बाई चहा टाकायला आत गेल्या. बाहेर आजी बोलत होत्या, मुलाच्या बदलीबद्दल, गळक्या छपराबद्दल. मधूनच थांबत, आणि थोड्या वेळाने "हं, तेही खरंच" म्हणत.