दोघांना दिसलेला पक्षी

हिवाळ्यातल्या दर रविवारी पक्षी बघत तळ्याला फेरी मारून नदीकाठाने परतायचं, हा त्या उपनगरातल्या पाच-सहा जणांचा शिरस्ता. पुढे चालायचे चष्मेवाले काका, मागे काकू आणि बाकीचे. अर्ध्या उपनगराच्या नाकावर त्यांच्याच दुकानातले चष्मे. त्यांचा नियम एकच: एकट्याला दिसलेला पक्षी हिशेबात धरायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी 'दिसला' म्हटलं पाहिजे. आणि ज्याला नसलेले पक्षी दिसायला लागतील त्याने पुढे चालायचं सोडायचं, हेही त्यांनीच ठरवलेलं. तेव्हा नजर घारीची होती, बोलायला काय जातंय!

या रविवारी तळ्यावर धुकं होतं. पाणकावळे पंख वाळत घालून खांबांवर बसले होते. काकांनी पलीकडच्या काठावर बगळा दाखवला.

"दिसला," दातांची डॉक्टरीण म्हणाली.

वळसा घालून तिथे पोचले, तर झुडपात पांढरी पिशवी अडकलेली.

"उडाला वाटतं," बस ड्रायव्हर पटकन म्हणाला, आणि सगळ्यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं.

काकांच्या मनात पाल चुकचुकली. पिशवीचा बगळा त्यांना दिसला असेल एकवेळ; पण डॉक्टरणीचे डोळे त्यांनीच नुकते तपासले होते, ठणठणीत. मग तिला काय दिसलं? आणि आजवर असे किती बगळे दिसले?

नदीवर आले तेव्हा ऊन पडलं होतं. काकांनी मुद्दाम अगदी जवळचं वठलेलं झाड निवडलं. त्याच्या फांद्या त्यांनाही स्वच्छ दिसत होत्या, आणि त्यांवर चिटपाखरू नव्हतं.

"तो बघा खंड्या! खालच्या फांदीवर."

"दिसला, काका!" डॉक्टरीण म्हणाली.

"काय चोच आहे!" ड्रायव्हरने री ओढली.

काकांना हसू आलं आणि रागही आला. राहिल्या होत्या काकू. काकांनी पूर्व म्हटलं की त्या पश्चिम म्हणायच्या. सोफा कुठे ठेवायचा इथपासून सून कशी आहे इथपर्यंत, उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याला कशालाही सरळ 'हो' म्हटलं नव्हतं. आता त्या फटकन म्हणतील, 'कसला खंड्या नि फंड्या!' काकांना तेवढंच ऐकायचं होतं.

काकूंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ धरून ठेवली.

"दिसला हो," त्या हळूच म्हणाल्या. "छान आहे."

म्हणजे घरातही ठाऊक होतं, आणि कधीपासून कोण जाणे. काकांनी गळ्यातली दुर्बीण काढून डॉक्टरणीच्या हातात दिली.

"तू हो पुढे, पोरी."

का, ते कुणी विचारलं नाही. सगळे पुढे गेले. काकू मागे थांबल्या.

"रागावलात?"

"नाही," काका म्हणाले. "घरी पोचेपर्यंत जरा भांड माझ्याशी."

काकूंनी तोंड उघडलं, पण त्यांना एक शब्द सुचेना.