विटेवरची पलटण

एकादशीची दुपार कलली तरी अर्जुनरावांच्या सदरेवरची लढाई उठेना, आणि कीर्तनकार रामहरीबुवांचा जीव खालीवर होऊ लागला. धर्मापुरीच्या देवळाचा मंडप दुरुस्तीला काढलेला, म्हणून संध्याकाळचं कीर्तन या सदरेवर ठरलेलं. आणि सदरभर आठ दिवसांपासून नेपोलियन हरला ते वॉटर्लू मांडलेलं!

अर्जुनराव निजाम सरकारच्या फौजेतले जमादार, आता पेन्शनीवर. हैदराबादेत एका साहेबाच्या लिलावात त्यांनी शिशाच्या शिपायांची पेटी घेतली होती. निळे फ्रान्सचे, लाल इंग्रजांचे, काळे प्रशियाचे. टेकडी म्हणून विटांची रांग. पाच कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके समोरचे शिपाई आडवे. दोन्हीकडून ते एकटेच खेळत होते.

“बुवा, तुमी लाल व्हा,” ते म्हणाले. “जिंकलात तर सदर तुमची. नेपोलियन जिंकला तर मैदान असंच ऱ्हाणार. बीडच्या वकिलाला दाखवायचं हाय मला.”

“अन् कीर्तन?”

“पारावर करा की.”

पारावर वारा लई. समया टिकायच्या नाहीत, टाळ ऐकू यायचे नाहीत. परळीहून माणसं गाड्या जुंपून निघालेली. बुवा लाल शिपायांमागं मांडी घालून बसले.

“बारा डावांनी तुमच्या मदतीला काळी पलटण येती. तवर टिकायचं,” अर्जुनरावांनी सांगितलं.

बारा डाव म्हणजे दिवेलागण होणार. बुवांनी घाई केली. सगळे घोडेस्वार विटांवरून खाली सोडले आणि तिसऱ्या डावापर्यंत नऊ घोडी घालवून बसले. अर्जुनराव मिशीत हसले.

अर्जुनरावांच्या पत्नी तुळजाबाई फराळाचे शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. त्यांनी मैदान न्याहाळलं.

“बुवा, तुमची माणसं विटंवरून कामून उतरली?”

“घाई हाय, वहिनी.”

“जन्मभर विटंवर उभं ऱ्हाणाऱ्याचं कीर्तन केलं, अन् सोता उतरलात व्हय?”

“तू कुणाच्या पलटणीत हाईस?” अर्जुनराव गुरगुरले.

बुवांनी उरलेले लाल शिपाई पुन्हा विटांवर नेऊन उभे केले. मग काही म्हणजे काही हलवलं नाही. आपली पाळी आली की कवड्या टाकायच्या आणि विठ्ठल म्हणायचं. उभं राहायला विचार लागत नाही, त्यामुळे डावही भराभर सरले. अर्जुनराव चिडून चिडून निळे चढवत राहिले. कवड्या पालथ्या पडत राहिल्या. अकराव्या डावात त्यांनी नेपोलियन बादशहाची खासगी पलटण वर धाडली. विटांवर चारच लाल उरले, पण उरले.

बाराव्या डावाला काळी पलटण कडेनं आत आली.

अर्जुनरावांनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या. “वॉटर्लूला खरा इंग्रज साहेब बी असाच उभा ऱ्हायलता म्हणं,” ते म्हणाले आणि स्वतःच शिपाई पेटीत भरू लागले.

दिवे लागताना सदर भरून गेली. बुवांनी टाळ घेऊन पाहिलं, तर पहिल्या रांगेत अर्जुनराव बसलेले, आणि त्यांच्या मांडीशी, बुवांकडं तोंड करून, शिशाचा नेपोलियन.