सात-आठ खेपा

छपराच्या कडेला बसून धाकट्याने पन्हळीत हात घातला आणि ओंजळभर काळा, कुजका पाला उपसून घमेल्यात टाकला. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या वहिनीने लगेच मान वर केली.

"भाऊजी, दोर बांधलाय ना?"

"बांधलाय, वहिनी."

"गाठ पाहिलीत?"

"दोनदा पाहिली."

तिने पुन्हा विचारलं तेव्हा त्याने कमरेचा दोर ओढूनच दाखवला. त्याचं दुसरं टोक छपरावरून पलीकडे नेऊन मागच्या खांबाला बांधलं होतं. शिडीच्या पायांखाली गोणपाट होतं, वरचं टोक पन्हळीच्या लोखंडी आकडीला आवळलेलं होतं आणि धाकट्याच्या पायात रबरी तळव्यांचे बूट होते. ही सगळी काळजी एक वर्ष उशिरा आली होती. मागच्या वर्षी याच कोपऱ्यातून दादा खाली पडला आणि तीन दिवसांनी दवाखान्यातच वारला.

पन्नाशी उलटून चार वर्षं झाली, तरी धाकट्याला सगळे धाकटाच म्हणत. दोघा भावांची घरं एकमेकांना चिकटून होती. वर छप्पर एक, पुढची पन्हळ एक. पन्हळीला उतार दादाच्या बाजूला, पाणी खाली नेणारा पाइपही त्याच्याच कोपऱ्यात. झाड मात्र धाकट्याच्या अंगणात. पानगळ संपेपर्यंत धाकट्याची अर्धी पन्हळ पाल्याने गच्च भरे. तो पाला घमेल्यात भरायचा, शिडी उतरायची, घमेलं रिकामं करायचं, पुन्हा चढायचं, म्हणजे अख्खा रविवार वाया. धाकट्याने त्यावर डोकं चालवलं होतं. एका लांब बांबूला त्याने फळीचा तुकडा ठोकला. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून तो फळी पन्हळीत घालायचा आणि पाला उताराने दादाकडे सारून द्यायचा. पंधरा मिनिटांत त्याची बाजू लख्ख. पलीकडे काय झालं हे बघायला तो काही थांबत नसे.

पुढच्या रविवारी दादा चढायचा आणि दुपार कलेपर्यंत उपसत बसायचा.

"तुझ्या झाडाला यंदा पानं फार रे," एवढंच म्हणायचा.

धाकटा हसायचा. अशी अकरा वर्षं गेली.

दादा गेला त्या आठवड्यात धाकट्याने तो बांबू तोडून चुलीत घातला. तेव्हापासून वहिनीच्या हातचा चहा त्याच्या घशाखाली नीट उतरत नव्हता, आणि नको म्हणायचीही सोय नव्हती. यंदा तिच्या भिंतीला ओल आली. पुतणी सकाळीच फुटक्या कौलांच्या जागी बसवायला नवी कौलं आणायला गेली होती आणि वहिनी एखादा कामगार बघणार होती. धाकटा म्हणाला, कामगार कशाला, मी आहे ना. वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सगळ्या घरातले दोर शोधून काढले.

"कालही डोळ्याला डोळा लागला नाही," ती खालून म्हणाली.

"गोळी घेतली होती ना?"

"गोळीनं काय होतंय? मीच त्यांना वर पिटाळलं. पन्हळ तुंबली, पन्हळ तुंबली, दोन दिवस नुसती भुणभुण लावली होती. सकाळी पाऊस भुरभुरून गेला होता. ते म्हणाले, कौलं जरा वाळू देत. मी म्हटलं, तुमची कौलं वाळेपर्यंत माझी भिंत पडेल."

"वहिनी, असं मनाला लावून..."

"परवा मुलीला सांगून टाकलं. म्हटलं, तुझ्या बाबांना मीच घालवलं. फार रडली हो पोरगी. रडली आणि मग दिवसभर माझ्याशी बोललीच नाही."

धाकट्याचा हात पन्हळीतच राहिला. पाला गार होता. त्यातली पानं अजून ओळखता येत होती, रुंद, त्याच्याच झाडाची. 

"पन्हळ तुंबली ती माझ्यामुळे," तो म्हणाला. "माझ्या बाजूचा पाला मी काढत नव्हतो, वहिनी. तुमच्याकडे ढकलून द्यायचो. दर वर्षी."

"माहीत आहे मला."

त्याने वाकून खाली पाहिलं. वहिनीचा चेहरा शांत होता.

"त्यांनाही माहीत होतं. एकदा खिडकीतून पाहिलं होतं त्यांनी तुमचं ते बांबूचं यंत्र. खोटं कशाला बोलू, मी तावातावाने तुमच्याशी भांडायला निघाले होते. त्यांनी मलाच दटावलं. म्हणाले, त्याला लहानपणापासून उंचीची भीती आहे. घमेलं घेऊन चढ-उतर नाही जमायची त्याला. तू विषय काढू नकोस, कानकोंडा होईल बिचारा." ती थांबली. "म्हणून तर आज म्हटलं, एवढी भीती असून माझ्यासाठी वर चढलेत. मला फार बरं वाटलं, भाऊजी."

धाकटा छपराच्या अगदी कडेला उकिडवा बसला होता, एक पाय पन्हळीच्या काठावर टेकवून. दादाने हे कुठून काढलं ते त्याला आठवलं. तो आठ वर्षांचा होता. आईने छपरावरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला सांगितलं होतं. खेळ अर्धा टाकून कोण जाणार? त्याने शिडीखाली उभं राहून भोकाड पसरलं, मला भीती वाटते म्हणून. दादा मुकाट्याने वर गेला. त्यानंतर घरातलं चढायचं प्रत्येक काम दादाचं झालं.

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. इतकी सोपी सुटका त्याला आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती.

"मला भीती वाटत नाही, वहिनी," तो म्हणाला. "कधीच वाटली नाही."

"मग?"

"खेपा वाचायच्या."

"किती?"

"सात-आठ."

"सात-आठ," वहिनी म्हणाली.

तिने शिडीवरचे हात काढले. ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नसावं. एकदा तिने ते एकमेकांवर चोळले, मग नुसतेच लोंबू दिले. कोपऱ्यातल्या फरशीकडे ती बघत उभी राहिली.

"म्हणून म्हणतो," धाकटा घाईघाईने बोलला, "तुम्ही पिटाळलंत म्हणून काही..."

"गप्प बसा."

त्याने पन्हळीतला आणखी ओंजळभर पाला उपसून घमेल्यात टाकला.

मग फाटकाशी पुतणीच्या स्कूटरचा आवाज आला. वहिनी दचकली आणि तिने शिडी पुन्हा धरली, आधीपेक्षा घट्ट.

"हिला यातलं काही सांगायचं नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"पण तुम्ही तिला सांगितलंय ना, की तुमच्यामुळे..."

"ते माझं मी बघेन. काका उंचीला घाबरतो, हे तिच्या बाबांनी तिला सांगितलंय. त्यांना तुम्ही अकरा वर्षं फसवलंत, हे माझ्या मुलीला कळता कामा नये. माझा नवरा तिच्या डोळ्यांसमोर मूर्ख ठरलेला मला चालणार नाही." तिने वर पाहिलं. "तुम्हाला भीती वाटते, भाऊजी. आता उतरा."

धाकट्याने कमरेचा दोर सोडला. नेहमी तो शिडीवरून जिना उतरावा तसा तरातरा खाली येत असे. आज तो छपराकडे तोंड करून वळला, दोन्ही हातांनी शिडी कवटाळली आणि एक पाय खाली सोडला.

"आई! काकांना कसं चढू दिलंस तू?" पुतणीने कौलं तिथेच ठेवली आणि धावत येऊन शिडीची दुसरी बाजू धरली. "काका, खाली अजिबात बघू नका. सावकाश. मी आहे इथे."

"हं," धाकटा म्हणाला.

"घाबरलात तरी चालेल. बाबांनी मला लहानपणीच बजावलं होतं, काका शिडीवर असला की हसायचं नाही."

धाकटा पायाने खालची पायरी चाचपत राहिला. ती कुठे आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं.