सतरा सुयांचा हंगाम

मी एक जुना मालिशचा बाक आहे. उत्तर इंग्लंडातल्या स्केलमूर टाऊन या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंच्या खोलीत मी सदतीस वर्षे काढली. आता मैदानामागच्या शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी पडून आहे. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. मित्रांनो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण क्लब खालच्या विभागात घसरला आणि एका वर्षात पुन्हा वर आला, त्या हंगामाची गोष्ट गावात अजून सांगतात, आणि दर वेळी अर्धीच सांगतात. उरलेली अर्धी माझ्या अंगावर घडली आहे.

मला घडवले ते शवपेट्या करणाऱ्या सुताराने. गावात लाकडाचे नेटके काम करणारा तोच होता. त्याने मला जाड पाय दिले, आत घोड्याचे केस ठासून भरले, वर तपकिरी कातडे ताणून बसवले. लांबी मात्र त्याने हाताच्या सवयीने सहा फूट धरली. खेळाडू त्यावरून हसायचे. उंच खेळाडूंच्या टाचा माझ्या बाहेर लोंबकळत.

माझी काळजी घेणारा माणूस हर्बर्ट स्पिंक. युद्धात त्याने जखमी वाहिले होते. डॉक्टरकीची पदवी त्याच्याकडे नव्हती, पण हात होते. कोणी मैदानात पडले की पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन धावणारा तो, आणि आठवडाभर झोंबरे तेल लावून पोटऱ्या चोळणारा तोच. दर सोमवारी तो मला खोगिरे पुसायच्या साबणाने पुसायचा. पाहुण्या संघाचे लोक आले की माझ्यावर थाप मारून म्हणायचा, असा बाक पहिल्या विभागातल्या क्लबकडेसुद्धा नसेल. त्या वेळी मला फार बरे वाटायचे.

आमचा कप्तान होता लेन ऑल्डरॉइड, बचावफळीतला मधला खेळाडू. बत्तीस वर्षांचा, याच गावात वाढलेला, कमी बोलणारा. १९७४ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या सामन्यात विभागात टिकायला आम्हाला बरोबरी पुरत होती. पाच मिनिटे उरली असताना लेनने चेंडू डोक्याने आपल्या गोलरक्षकाकडे मागे दिला. गोलरक्षक पुढे सरकला होता. चेंडू त्याच्या बाजूने टप्पा खात आमच्याच जाळ्यात गेला. क्लब तिसऱ्या विभागातून चौथ्यात घसरला. त्याखाली काही नव्हते.

आमची खोली प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडखाली होती. सामना मला दिसत नसे, डोक्यावरच्या पायांवरून कळत असे. त्या दिवशी वरचे पाय नुसते सावकाश निघून गेले. लेन आत आला आणि माझ्यावर पालथा पडला. दुखापत काहीच नव्हती. हर्बर्टने एक टॉवेल आणून त्याच्या पाठीवर टाकला, बस.

त्या उन्हाळ्यात चार चांगले खेळाडू क्लब सोडून गेले. लेनलाही वरच्या विभागातल्या एका क्लबने बोलावले होते. त्याची बायको मॉरीन बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती, तिला त्या क्लबचे समुद्रकाठचे गाव आवडलेही होते. लेनने नाही म्हणून कळवले. खाटकाच्या दुकानात एकाने त्याला विचारले होते, मांस आपल्यासाठी नेतोस की समोरच्या संघासाठी. हे त्याने हर्बर्टला सांगितले आणि म्हणाला, "मीच बुडवलंय, हर्बर्ट. मी वर काढल्याशिवाय कुठं जात नाही."

हर्बर्ट म्हणाला, "अकरा जण खेळतात रे."

"गोल माझ्या नावावर आहे," लेन म्हणाला.

नवा हंगाम सुरू झाला आणि खरोखर तो संघ ओढू लागला. ऑक्टोबरअखेर आम्ही पहिल्या चारांत होतो, आणि चौघेच वर जाणार होते. नोव्हेंबरात चिखलाच्या मैदानावर त्याचा उजवा पाय रुतला आणि अंग पुढे गेले. चौघांनी त्याला आणून माझ्यावर ठेवले. हर्बर्टने गुडघा दोन्ही तळहातांत धरून हळूच वाकवला. आतून आवाज आला. भरड साखरेवर कोणी बूट ठेवावा तसा. मला तो आवाज कातड्यातून ऐकू आला, हर्बर्टला हातांतून.

त्याने व्यवस्थापकाला, मॉरिस कटलरला, स्पष्ट सांगितले की सहा आठवडे हा पाय जमिनीला लागता कामा नये आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. कटलर आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. तो माझ्या कडेवर टेकला, लेनच्या खांद्यावर हात ठेवला.

"लेन, मी तुला खेळ म्हणत नाही. तू फक्त एवढं सांग, शनिवारी तुझ्या जागी कुणाला घालू? नाव तूच सांग."

लेनला नाव सुचले नाही. तसे नावच नव्हते, हे कटलरला माहीत होते.

शनिवारी क्लबचा डॉक्टर सुई घेऊन आला. औषध गुडघ्यात गेले की दोन तास दुखणे नाहीसे व्हायचे. लेन उठून माझ्याभोवती दोन फेऱ्या मारायचा, मान डोलवायचा आणि बूट बांधायचा. पहिल्या सुईच्या वेळी हर्बर्ट बाहेर जाऊन उभा राहिला होता. चौथ्या सुईपर्यंत तो पाय धरायला लागला. मित्रांनो, माणूस एका दिवसात बदलत नाही. आज दाराबाहेर, उद्या दारात, परवा पाय हातात, असे होत होत ते होते.

आम्ही जिंकत होतो. गावात पुन्हा क्लबच्या रंगांचे मफलर दिसू लागले असे खेळाडू सांगायचे. ज्या खाटकाकडे लेनला टोमणा बसला होता, त्याने एका शनिवारी खोलीत मांसाच्या पावांचा टोपला पाठवला. सोमवारी मात्र लेनचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला असायचा. हर्बर्ट सुईने पाणी काढायचा, बर्फ बांधायचा, आणि शुक्रवारपर्यंत तो पाय कसाबसा पायासारखा दिसू लागायचा.

मार्चमध्ये एका दुपारी मॉरीन आली. बायकांनी त्या खोलीत यायची पद्धत नव्हती. ती कारखान्यातून तशीच आली होती, डोक्यावर पांढरी टोपी, बाह्यांवर पीठ. खोलीत हर्बर्ट एकटाच होता, मला पुसत होता.

"मिस्टर स्पिंक, आज सकाळी तो जिना बसून उतरला," ती म्हणाली. "एकेक पायरी, लहान पोरासारखा. मी स्वयंपाकघरात होते, त्याला वाटलं मला दिसत नाही. तुम्ही रोज तो पाय हातात घेता. मला खरं काय ते सांगा."

हर्बर्टचे फडके थांबले नाही. "थोडी सूज आहे, मॉरीन. हंगाम संपला की उतरेल."

"नक्की?"

"मी काय आजचा आहे का या कामात?"

ती आभार मानून गेली. हर्बर्ट माझा तोच कोपरा पुसत राहिला.

तो खोटे का बोलला, हे मला सांगता येते. लेनने त्याला शपथ घातली होती, मॉरीनला कळता कामा नये म्हणून. ते एक कारण. दुसरे कारण हर्बर्टने कोणाला सांगितले नाही. त्यालाही वर जायचे होते. सत्तावीस वर्षे बादली उचलून त्याने एकदाही क्लबला वर जाताना पाहिले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही वर जायचे होते. मी तेव्हा आनंदात होतो.

एप्रिलच्या शेवटच्या सामन्यात एक गुण हवा होता. त्या दिवशी सतरावी सुई झाली. पहिल्या अर्ध्यातच समोरच्यांनी गोल केला आणि माझ्या डोक्यावरचे सगळे स्टँड गप्प झाले. शेवटची दहा मिनिटे राहिली तेव्हा आम्हाला कॉर्नर मिळाला. मग वरच्या फळ्या अशा हादरल्या की छताचा चुना माझ्यावर पडला. लेनने उडी मारून डोक्याने गोल केला होता. तो खाली आला त्याच पायावर. नंतरची दहा मिनिटे त्याला धावता येत नव्हते, तो आमच्या गोलसमोर खांब रोवल्यासारखा उभा राहिला आणि जे चेंडू अंगावर आले ते परतवत राहिला. सामना बरोबरीत सुटला. स्केलमूर टाऊन वर गेले.

खोलीत बिअर उडत होती. पाच-सहा जण बूट घालूनच माझ्यावर चढले आणि नाचले. बुटांच्या खिळ्यांनी माझे कातडे तीन ठिकाणी फाटले. त्या दंग्यात लेन कोपऱ्यात जमिनीवर बसला होता, कारण गुडघा इतका फुगला होता की मोजा निघेना. हर्बर्टने गुडघे टेकून कात्रीने तो कापला. दोघे एकमेकांकडे बघून हसले. ते हसू मी विसरू शकत नाही, कारण खरोखर आनंदाचे होते.

मंगळवारी उघड्या छताच्या बसमधून संघाची मिरवणूक निघाली. लेनला बसचा जिना चढता आला नाही. तो खाली, ड्रायव्हरमागच्या बाकड्यावर बसून राहिला. गावाने वर पाहून हात हलवले. कप्तान कुठे आहे, असे काहींनी विचारलेही म्हणतात.

मे महिन्यात पुढच्या हंगामात कोणाला ठेवणार त्याची पत्रे गेली. लेनच्या पत्रात चार ओळी होत्या. कटलरचे म्हणणे असे की तिसऱ्या विभागात तरुण पाय लागतात.

जूनमध्ये लेन आपले बूट न्यायला आला. हातात काठी होती. डॉक्टरांनी गुडघा उघडून पाहिला होता आणि नोव्हेंबरातच आणला असता तर काही करता आले असते, असे सांगितले होते. आता चालता येईल, एवढेच. तो माझ्यावर बसला, पाय सरळ ठेवून. हर्बर्टने चहा केला, तो कोणी प्याले नाही.

"मॉरीन मार्चमध्ये आली होती तुझ्याकडे," लेन म्हणाला. "काल बोलली मला."

"तू शपथ घातली होतीस, लेन."

"घातली होती. मी वेडा झालो होतो तेव्हा, मला दुसरं काही दिसत नव्हतं. तुला दिसत होतं." त्याने काठी जवळ ओढली. "तू मोडायला हवी होतीस ती."

लेन काठी टेकत उठला. दारापर्यंत जायला त्याला वेळ लागला आणि तेवढा वेळ हर्बर्ट भिंतीकडे तोंड करून बाटल्या लावत होता. त्यानंतर लेन मैदानाकडे फिरकला नाही.

सप्टेंबरमध्ये क्लाइव्ह पेटिट नावाच्या आघाडीच्या खेळाडूचा घोटा गेला. कटलर माझ्या कडेवर टेकला, खांद्यावर हात ठेवला, आणि तेच शब्द बोलला. डॉक्टर शनिवारी येणार असे ठरले. हर्बर्ट उठला, बोळातल्या फोनवर गेला आणि दार उघडे ठेवून क्लाइव्हच्या बायकोला सगळे सांगितले. घोट्यात काय तुटले आहे, सुई कशासाठी आहे, नंतर काय होईल. तिने येऊन नवऱ्याला घरी नेले.

क्लाइव्ह जाताना हर्बर्टला म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं, म्हाताऱ्या?"

संध्याकाळी हर्बर्टला कामावरून काढले. त्याने आपली बादली नेली. मला नेता येण्यासारखे नव्हते. नवा माणूस विजेचे यंत्र आणि चाकांचे टेबल घेऊन आला, आणि मी शेडमध्ये आलो. क्लाइव्ह पुढे दुसऱ्या क्लबकडून सहा वर्षे खेळला. त्याने हर्बर्टची कधी आठवण काढल्याचे माझ्या कानावर नाही. आणि ज्या वर जाण्यासाठी हे सगळे झाले, ते दोन वर्षे टिकले. स्केलमूर टाऊन पुन्हा चौथ्या विभागात आले. त्या दिवशीही वरचे पाय सावकाशच निघून गेले असतील. शेडमध्ये ते ऐकू येत नाही.

मित्रांनो, माझे फाटलेले कातडे शिवू नका, त्याचे आता काही नाही. पण तुमच्या घरात, शाळेत, मैदानावर कोणी लंगडत असेल आणि "काही नाही, ठीक आहे" म्हणत असेल, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. तो रागावेल, तुम्हाला नको ते बोलेल, आभार तर कधीच मानणार नाही. तरी त्याच्या पायाकडे बघा, आणि ज्याला सांगायला हवे त्याला सांगा.